चौथ्या भागातली गाठ

१

वरंधच्या वर, भोरकडे जाणाऱ्या घाटरस्त्याच्या एका वळणावर, कड्याच्या अगदी काठाशी एक जुनं अंजनीचं झाड आहे. जानेवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी त्या झाडाला ऐंशी हात दोर बांधलेला होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला सोमा होता. पाचेक मिनिटांनी सोमाही दरीत होता, दोरही दरीत होता आणि झाड मोकळं होतं.

दोर तुटला नव्हता. कोणी कापलाही नव्हता. सोमाच्या कमरेची गाठ त्यानं स्वतःच मारलेली होती, आणि ती नंतर सोडवताना दोघांची दमछाक झाली. सुटली होती ती झाडाची गाठ.

आणि हे सगळं कशासाठी, तर टीव्हीवरच्या मालिकेसाठी. वरंधात दहा-बारा जणांचं एक टोळकं होतं, लोक त्यांना दोरवाले म्हणत. घाटात ट्रक किंवा जीप खाली गेली की हे लोक दोर घेऊन दरीत उतरायचे, जिवंत असेल त्याला आणि नसेल त्यालाही वर आणायचे. येसाजी त्यांचा म्होरक्या. झाडाच्या गाठी मारायचं काम बौद्धवाडीतल्या दत्तारामचं. मुंबईला गोदीत बारा वर्षं काढून तो परत आला होता, येताना पैसाअडका काही आणला नाही, पण गाठी आणल्या. त्याची गाठ कधी सुटली असं कोणी ऐकलं नव्हतं.

कुठल्याशा वर्तमानपत्रात या लोकांविषयी चार ओळी छापून आल्या, त्या मुंबईच्या केळुसकर नावाच्या दिग्दर्शकानं वाचल्या आणि ‘घाटरक्षक’ नावाची तेरा भागांची मालिका जन्माला आली. नायक मुंबईचा. पण नायक दरीत उतरणार थोडाच? त्याचा लाल स्वेटर घालून पाठमोरा उतरायचा तो सोमा. दोरवाल्यांत सगळ्यात तरणा, सगळ्यात चपळ आणि कॅमेरा आल्यापासून सगळ्यात शेफारलेला. एरवी झाडामागं सहा जण दोर धरून उभे असत. शूटिंगला मात्र चित्रात फक्त झाड आणि दोर दिसला पाहिजे, म्हणून त्या सहा जणांना बाजूला केलं होतं. सोमाचा सगळा जीव एका गाठीवर होता.

ती सुटली. पुढच्या गुरुवारी चौथा भाग दाखवला गेला, कारण तो आधीच तयार होऊन गेला होता. त्यानंतर मालिका बंद पडली. आणि गावात कुजबुज सुरू झाली की दत्तारामची गाठ आपोआप सुटणं शक्य नाही, मग ती त्यानं मुद्दाम कच्ची मारली असणार. आदल्याच दिवशी सोमाचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ‘असाच नाचत ऱ्हायलास तर दरीत जाशील एक दिवस,’ असं दत्ताराम चारचौघांत म्हणाला होता.

फौजदारांनी तीन जबान्या घेतल्या. तिघांनी छातीठोकपणे सांगितलं की शुक्रवारची गाठ दत्तारामनंच मारली, आम्ही डोळ्यांनी पाहिली.

२

भिकाजी तांबे महाडच्या कोर्टात बत्तीस वर्षं कारकून होते. इतकी वर्षं लोकांच्या जबान्या उतरवून घेतल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं होतं. कोणी ‘नमस्कार’ म्हटलं तरी यामागं याचा हेतू काय, असा विचार त्यांच्या मनात येई. निवृत्तीनंतर ते चवदार तळ्याजवळ दोन खोल्यांत राहत आणि दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन दिवस काढत. टीव्ही त्यांनी घेतला नव्हता. जे यंत्र आपल्या प्रश्नाला उत्तर देत नाही त्याचं ऐकायचं कशाला, हे त्यांचं म्हणणं.

चौथा भाग दाखवला त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी त्यांची भाची सोनाबाई दारात येऊन उभी राहिली. दत्ताराम तिचा नवरा.

“मामा, रव्वारी फौजदार गावात येनार हायत. शाळेत सगळ्यांच्या म्होरं जबान्या वाचनार न् ह्यांना घेऊन जानार.”

“त्यानं गाठ मारली का?”

“नाय! ते त्या दिवशी सकाळपासनं खाली दरीत होते. सोमा पडला तो त्यांच्या म्होरं. त्यांनीच त्याला पाठीवर घेऊन वर आनला.”

“गाठ मारून मग खाली गेला असेल. शूटिंगवाले तास तास खोळंबून ठेवतात म्हणे.”

“तुमी बी, मामा?” सोनाबाई एवढंच म्हणाली. भिकाजींना स्वतःच्या जिभेचा राग आला, पण प्रश्न चुकीचा नव्हता. फौजदारही हाच विचारणार होते.

ते चपला घालून आधी पोलीस ठाण्यावर गेले. फौजदार जुने ओळखीचे, माणूस सरळ. त्यांनी तिन्ही जबान्या समोर ठेवल्या. पहिली येसाजीची, दुसरी टपरीवाल्या धोंडूची, तिसरी राहीबाई नावाच्या शेतकरणीची. भिकाजींनी त्या एकदा वाचल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचल्या.

‘उजव्या हाताने झाडाला दोन वेढे घेतले, दोराचा शेंडा दातात धरला, डाव्या हाताने खसकन ओढला.’

तिन्ही जबान्यांत हेच. आधी वेढे, मग दात, मग डावा हात. तिघांची बोली वेगळी, वय वेगळं, पण गाठ अक्षरशः एक. खरं बोलणारे तीन साक्षीदार कधी एकसारखं बोलत नाहीत. एकाला शर्ट निळा दिसतो, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला शर्टच आठवत नाही. एकसारखं बोलतात ते पढवलेले.

“या तिघांना कोणी बसवून शिकवलंय का?” त्यांनी विचारलं.

“तांबेसाहेब, धोंडू आणि येसाजी एकमेकांशी दोन वर्षं बोलत नाहीत. राहीबाई तर कोणाचं ऐकून घेत नाही,” फौजदार म्हणाले. “आणि एक सांगू? तुमच्या भाचेजावयाला काल मी पुन्हा विचारलं. आता तोही नाही म्हणत नाही.”

दुपारच्या एस.टी.नं भिकाजी वरंधला पोहोचले. दत्ताराम घराच्या पडवीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. आठ-दहा दिवसांत तो निम्मा झाला होता.

“मामा, मी खाली होतो असं मला वाटत होतं,” तो म्हणाला. “पन आता डोळे मिटले की मला माझे हात दिसतात. त्याच झाडाला गाठ मारत असलेले. सगळं गाव खोटं कसं बोलंल? मीच मारली असंल, मामा.”

३

ज्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला, त्याला वाचवायचं कसं? भिकाजी त्या संध्याकाळी वाडीतच राहिले आणि शुक्रवारी उजाडताच येसाजीकडे गेले. खरं सांगायचं तर गुन्हेगार येसाजीच निघावा असं त्यांना मनातून वाटत होतं. येसाजी बागाईतदार, बोलण्यात ऐट, आणि मालिकेच्या सुरुवातीला पाट्या दाखवतात त्यांत दत्तारामचं नाव त्याच्या नावाच्या वर आलं म्हणून तो पंधरा दिवस धुसफुसत होता.

“मी काय खोटं बोलतोय?” येसाजी बसा म्हणण्याआधीच म्हणाला. “डोळ्यांनी बगितला. दोन वेढे, दातात शेंडा...”

“तुम्ही उभे कुठं होता?”

“रस्त्याच्या पल्याड. गाडीच्या मागं. आमा सहाजणांना तिकडंच उभं केलेलं.”

“झाडामागचे सहाजण हलवायला हो कोण म्हणालं?”

येसाजीचा चेहरा पडला. सुपारी कातरताना त्याचं बोट अडकित्त्यात सापडता सापडता राहिलं. “मी म्हनलो,” तो हळू म्हणाला. “दत्ताराम नको म्हनत होता. मी म्हनलो, साहेब एवढे मुंबईहून आलेत.” म्हणजे हा बसा म्हणण्याआधीच का उसळला ते कळलं. दत्तारामची गाठ कच्ची ठरली की याचा दोष आपोआप धुऊन निघणार होता. पण दोष लपवणं वेगळं आणि गाठ सोडणं वेगळं. हा माणूस खोटारडा नव्हता, घाबरलेला होता.

“दत्तारामनं नाही, तर दुसरं कोण मारू शकतं? तुमच्यातलं?”

“आमच्यात दोन-चार जन मारतील कशीबशी. पन त्या दिवशी ते सगळे माज्यासंगं होते. श्रीपत तेवढा कड्याकडं होता, सोमाचा थोरला भाऊ. पन तो कसा मारंल? सख्ख्याच्या दोराला हात लावायचा नाय, ही आमची रीत हाय. सख्ख्याचा हात थरथरतो. बापाच्या वक्तापासनं कोनी मोडली नाय.”

तिथून भिकाजी धोंडूच्या टपरीवर गेले. चहा मागवला, आणि बाकड्यावर बसून अंजनीचं झाड शोधू लागले. झाड दिसेना. वळण आडवं, वळणावर भला मोठा खडक. ते उठून टपरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आले, शेवटी बाकड्यावर चढले. तरीही दिसेना.

“धोंडू, तू त्या शुक्रवारी टपरी सोडून वर गेला होतास?”

“छ्या! दीडशे मानूस चहाला. टपरी सोडून जाईन?”

“आणि गाठ मारलेली डोळ्यांनी पाहिलीस?”

“चांगली पायली. दात सुदीक दिसले त्येचे.”

भिकाजींनी चहाचा कप खाली ठेवला. धोंडू लबाडी करताना डोळे बारीक करतो, हे दोन कपांच्या हिशेबातच त्यांच्या लक्षात आलं होतं. आत्ता त्याचे डोळे लहान मुलासारखे उघडे होते. हा माणूस खडकापलीकडची गाठ पाहिल्याचं सांगत होता आणि मनापासून सांगत होता.

राहीबाई बांधावर गवताचे भारे बांधत होती. ती कड्यापासून पन्नास पावलांवर, पोलिसांनी अडवलेल्या गर्दीत उभी होती म्हणे. तिनंही तीच गाठ सांगितली, आणि वर कौतुकानं म्हणाली, “आन भाऊ, गाठ मारताना मागं माजी गवताची उडवी कशी झ्याक दिसत होती! वळनाच्या आतली. बगनारी सगळी म्हनली, राहीबाईची उडवी.”

“उडवी आता कुठं आहे? मला वळणावर नाही दिसली.”

“ती कशी दिसंल? गवतवाल्याला देऊन टाकली. मंगळवारी ट्रक भरून गेला की.”

“कुठल्या मंगळवारी?”

राहीबाईनं बोटं मोजली. “सोमा पडला त्याच्या आदल्या मंगळवारी.”

“म्हणजे शुक्रवारी उडवी तिथं नव्हती,” भिकाजी सावकाश म्हणाले. “मग गाठ मारताना ती मागं दिसली कशी? राहीबाई, नीट आठवा. ही गाठ तुम्ही कुठं उभं राहून पाहिलीत?”

राहीबाईच्या हातातला बंध सुटला. तिचा हात हळूहळू तोंडावर गेला.

“अगो बाय,” ती म्हणाली. “पंचायतीच्या टीव्हीत.”

४

आता सगळा उलगडा झाला, असं वाटेल. भिकाजींना तसं वाटलं नाही. गावानं शुक्रवारी लांबून एक धूसर गोष्ट पाहिली होती: माणसं, गर्दी, लाल स्वेटर, किंकाळी. सहा दिवसांनी पंचायतीच्या टीव्हीसमोर बसून चौथ्या भागात तेच झाड, तोच कडा, तोच स्वेटर पाहिला आणि हाताच्या अंतरावरून पाहिली ती गाठ. दोन्ही एकमेकांत मुरलं. फौजदार जबान्या घ्यायला आले ते त्यानंतर. तिघांनी पाहिलेलं खरं सांगितलं होतं, फक्त ते त्या दिवसाचं नव्हतं. दत्तारामनंही स्वतःचे हात टीव्हीतच पाहिले होते.

पण मग शुक्रवारची गाठ कोणाची?

भिकाजी दुपारी महाडला पोहोचले तेव्हा केळुसकर विश्रामगृहात सामान बांधत होता. चार भागांतच गाशा गुंडाळावा लागल्यानं त्याची दाढी वाढली होती. भिकाजींनी सरळ विचारलं, “चौथ्या भागातली गाठ कोणत्या दिवशी घेतलीत?”

“तुम्ही पोलिसांकडून आलात?”

“मी सोनाबाईकडून आलो. तिच्या नवऱ्याला परवा नेणार आहेत. गाठ केव्हा घेतलीत?”

केळुसकर खाटेवर बसला. “शूटिंगच्या पहिल्याच आठवड्यात. हात, दोर, पाय असे जवळून तुकडे आम्ही आधीच घेऊन ठेवतो. लागतील तिथं जोडतो.”

“आणि शुक्रवारी दत्ताराम कुठं होता?”

खिडकीबाहेर जीपमध्ये पेट्या चढत होत्या. केळुसकरनं उठून खिडकी लावली. “दरीत,” तो म्हणाला. “मीच पाठवला होता, सकाळी आठला. सोमाला खाली झेलणारा खरा गाववाला पाहिजे होता मला. त्याचा चेहरा चांगला आहे हो कॅमेऱ्यात. तो म्हणाला, साहेब, मी खाली गेलो तर वर गाठ कोण मारणार? मी म्हटलं, तू जा, मी बघतो.”

“आणि बघितलंत?”

“नाही.” त्याचे डोळे भरून आले. भिकाजींना एकाच वेळी त्याची कीव आली आणि त्याच्या कानाखाली आवाज काढावासाही वाटला. “ऊन सरकत होतं. माझा डोळा कॅमेऱ्याला होता. झाडाकडून हाक आली, ‘तयार!’ आणि मी सुरू म्हटलं. हे सांगितलं असतं तर दोष माझ्यावर आला असता. गाव आपणहून दत्तारामचं नाव घेत होतं, मी गप्प बसलो.”

भिकाजींनी कागद पुढं सरकवला. बत्तीस वर्षांची सवय. “जे बोललात ते लिहा. तारीख, वेळ, सही.”

केळुसकरनं लिहिलं. सही करताना तो थांबला. “एक गोष्ट मला अजून कळत नाही,” तो म्हणाला. “ती हाक. ‘तयार’ म्हणणारा आवाज. मी शपथेवर सांगतो, तो सोमाचाच आवाज होता. पण सोमा तर माझ्यासमोर कड्याच्या काठावर पाठमोरा उभा होता आणि झाड माझ्या उजव्या हाताला वीस पावलांवर.”

५

एका आवाजाची दोन माणसं एकाच घरात सापडतात. परतीच्या एस.टी.त बसल्या बसल्या भिकाजींनी हे ओळखलं, आणि ओळखलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. श्रीपत त्या दिवशी येसाजीबरोबर नव्हता, हे येसाजीनंच सांगितलं होतं. रीत आडवी आली म्हणून त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही.

पण एका आवाजावर कोणी कोणाला धरत नाही. हवा होता असा साक्षीदार, ज्यानं शुक्रवार पाहिलाय आणि चौथा भाग पाहिलेला नाही. गावात असं कोण होतं? पंचायतीच्या अंगणात त्या गुरुवारी सगळं गाव लोटलं होतं. न येणारं घर एकच. सुतकातलं.

शनिवारी ते सोमाच्या घरी गेले. सोमाची आई आनंदीबाई ओटीवर वाल निवडत होती. श्रीपत आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. तेराव्यानंतरही तो उठत नाही, भावाचं दुःख फार, असं गाव म्हणत होतं.

“आनंदीबाई, तुम्ही चौथा भाग पाहिलात?”

“सुतकात कोन टीव्ही बगतं?”

“शुक्रवारी तुम्ही घाटात होतात?”

“भाकरी घेऊन गेलेले पोरांची. मागच्या पायवाटेनं.” तिची बोटं वालांतून फिरतच होती. “मला आजवर कोनी काय इचारलं नाय, भाऊ. आयला काय इचारायचं, म्हनून.”

मागची पायवाट अंजनीच्या झाडाशीच निघते. “मग मी विचारतो. गाठ कोणी मारली?”

बोटं थांबली. आत श्रीपतनं कूस बदलली नाही, पण त्याचा श्वास ऐकू येईनासा झाला.

“माजे दोन होते,” आनंदीबाई म्हणाली. “एक गेला. तुमी दुसरा न्यायला आलाव.”

भिकाजींनी आयुष्यात शेकडो साक्षीदार बोलते केले होते. दम देऊन, गोड बोलून, पाणी पाजून. त्यांना आत्ता यातलं काहीच करवेना. त्यांना फक्त इतकंच सुचलं, “सोनाबाईचा एकच आहे.”

मग ते उठले आणि तसेच निघून आले. वाडीकडे चढताना त्यांनी ठरवून टाकलं की उद्या आपण श्रीपतचं नाव घ्यायचं नाही. दत्ताराम नव्हता एवढं सिद्ध करायचं आणि घरी जायचं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पुढचं उत्तर नको होतं.

६

रविवारी शाळेच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका कडेला दत्ताराम, सोनाबाई आणि बौद्धवाडीतले चार-सहा जण. दुसऱ्या कडेला येसाजी आणि दोरवाले. मध्ये रिकामी पट्टी, दोन आठवड्यांपूर्वी ती तिथं नव्हती. जे लोक दत्तारामच्या गाठीवर बिनधास्त दरीत उतरले होते, ते आज त्याच्याकडे बघत नव्हते. श्रीपत खांबाला टेकून बसला होता, चुलत्यांनी धरून आणलेला.

फौजदारांनी जबान्या वाचल्या. मग भिकाजी उभे राहिले.

“धोंडू, तुझ्या टपरीवरून अंजनीचं झाड दिसतं?”

“झाड नाय दिसत,” धोंडू म्हणाला. “गाठ दिसली.”

आधी कोणीतरी हसलं, मग पडवीभर खसखस पिकली, आणि मग एकेकाचं हसू आपसूक विरून गेलं, कारण प्रत्येकजण आपण कुठं उभे होतो ते आठवू लागला. राहीबाईनं उडवीची हकिगत सांगितली. भिकाजींनी केळुसकरचा कागद वाचला. सकाळी आठला दत्ताराम दरीत, गाठीचं चित्र त्याच्या कितीतरी आठवडे आधीचं. दत्तारामनं आपले दोन्ही हात समोर धरले आणि उलटेसुलटे करून पाहिले. सोनाबाई तोंडात पदर कोंबून रडू लागली.

“पटलं,” फौजदार म्हणाले. “पण माझ्यापुढं एक माणूस मेलाय आणि एक गाठ सुटलीय. ती कोणी तरी मारली. ते नाव मिळत नाही तोवर मी दत्तारामला मोकळा कसा सोडू? तुम्हाला नाव माहीत आहे का, तांबेसाहेब?”

सगळी पडवी भिकाजींकडे बघू लागली. सोनाबाईही. भिकाजींनी चष्मा काढला. नाव ओठांवर होतं, आणि ते घेतलं नाही तर भाचीचं घर मोडणार होतं. त्यांनी तोंड उघडलं.

“मी सांगते,” दारातून आवाज आला.

आनंदीबाई उंबऱ्यावर उभी होती. लोकांनी वाट करून दिली. ती त्या मधल्या रिकाम्या पट्टीतून चालत टेबलापाशी आली.

“मी झाडामागं होते, भाकरीची दुरडी डोक्यावर. सोमा वरडला, दादा, दत्ताराम खाली गेला, साहेब वरडतोय, ऊन चाललंय, मार ना तू गाठ. श्रीपत नाय म्हनला. दोनदा नाय म्हनला. सोमा हसला न् म्हनला, मी काय मरतोय व्हय? मग ह्यानं मारली.”

श्रीपत खांबाला कपाळ लावून हुंदके देऊ लागला. येसाजी ताडकन उठला. “कुठली मारलीस, श्रीपत? कशी मारलीस?”

“मला येते ती,” श्रीपत म्हणाला. “गोठ्यातली. दाव्याची.”

दोरवाल्यांतल्या चार जणांनी एकदम कपाळाला हात लावला. फौजदार शहरगावचे, त्यांना कळेना. तेव्हा दत्ताराम बोलला. आठवडाभरात पहिल्यांदाच त्याचा आवाज नेहमीसारखा होता. “साहेब, ती सुरगाठ. ढोर एकसारखं ताणून धरतं तवर ती पक्की ऱ्हाते. मानूस दरीत उतरतो तसा दोर ताठ होतो, सैल होतो, परत ताठ होतो. चार हिसक्यांत ती गाठ मोकळी. त्यात श्रीपतची काय लबाडी नाय. त्याला दुसरी ठावकीच नाय.”

“तू कशाला त्याची बाजू घेतोस, रे?” आनंदीबाई त्याच्याकडे वळली. “तू माज्या पोराला पाठीवर घेऊन वर आनलास. तुज्या सदऱ्याला त्याचं रगत होतं. तो सदरा तुज्या बायकोनं धुतला, आन मी घरात गप बसून ऱ्हायले. का तर हा ऱ्हावा म्हनून.” ती फौजदारांकडे फिरली. “लिवा, साहेब. पन सगळं लिवा. आमचा गोठा जळला तवा दोन बैल दाव्याला बांधलेले होते. निरगाठ व्हती, सुटली नाय. डोळ्यांम्होरं जळाले. हा सात वर्सांचा व्हता. त्या दिवसापासनं मी ह्याला गोठ्यात बसवून शिकवलं, दाव्याला निरगाठ मारायची नाय. एका हिसक्यात जीव सुटला पायजे. रोज मारून घेतली ह्याच्याकडनं, चुकला की हातावर मारलं.”

फौजदारांनी लेखणी उचलली होती, ती कागदावर टेकेना.

“लिवा,” आनंदीबाई पुन्हा म्हणाली. “हात त्याचा. गाठ माजी हाय.”

आणि ती श्रीपतशेजारी जमिनीवर बसली आणि त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं.